उशिरापर्यंत थांबतो तोच कामसू का? (अंबड-सातपूरवाले, शेतीवाले, रात्रपाळीवाले सगळ्यांनी लिहा)

अंबड_क्वालिटी | सोमवार, रात्री ९.१०

नाशिकला अंबडमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात मी क्वालिटीला आहे. सध्या आमच्याकडे अप्रेझलचे दिवस आहेत. माझ्या हाताखालच्या एका मुलाच्या फॉर्मवर वरून शेरा आला: 'काम चांगले, कमिटमेंट कमी, साडेपाचला निघतो.' त्याच्या लाइनवरून वर्षभरात ग्राहकाची एकही तक्रार आलेली नाही. 'झोकून देऊन काम करतो' हा शेरा ज्याला मिळाला तो रोज साडेआठपर्यंत बसतो, आणि त्यातला निम्मा वेळ साहेबांची गाडी गेटबाहेर पडायची वाट बघण्यात जातो. अख्ख्या मजल्याला हे माहीत आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं म्हणाले. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे सुब्रह्मण्यन ९० तासांवर गेले. आमच्या कँटीनमध्ये दोन्ही वेळा जोरदार चर्चा झाली, आणि मला सगळ्यात लागलं ते हे की बरेच जण म्हणाले, 'बरोबरच आहे, कामाची निष्ठा अशीच असते.' निष्ठा तासांवर मोजायची हे कोणी ठरवलं?

मी मोजमापाच्या धंद्यात आहे, म्हणून मोजमापाचंच सांगते. आमच्याकडे दर तासाला पाच पीस उचलून बोअर, म्हणजे आतल्या भोकाचा व्यास, मोजायचा आणि आकडा शीटवर लिहायचा असतो. बारा तासांच्या पाळीचं शीट समोर ठेवा. पहिले सात-आठ तास आकडे थोडे वरखाली दिसतात, मशीन चालू असलं की ते होणारच. दहाव्या तासानंतर पाचही पीसचा आकडा एकच. अकराव्याला तोच, बाराव्याला तोच. तो काही मशीनचा चमत्कार नसतो. मोजणारा इतका थकलेला असतो की गेज हातात न घेता आधीचा आकडा खाली उतरवतो. त्या दोन तासांतला माल मग आम्ही परत सॉर्टिंगला लावतो आणि त्याचे पैसे वेगळे मोजतो.

यावर जुना अभ्यासही आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यांतल्या कामगारांच्या नोंदी ठेवल्या होत्या. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ जॉन पेनकाव्हेल यांनी २०१४ मध्ये त्या नव्याने तपासल्या. आठवड्याला ७० तास राबलेल्यांचं उत्पादन ५६ तासवाल्यांपेक्षा फारसं जास्त नव्हतं. म्हणजे वरचे चौदा तास जवळजवळ वाया. रविवारची सुट्टी काढून घेतली की उत्पादन आणखी घसरायचं. युद्ध चालू असताना, माणसं जीव तोडून काम करत असताना हे झालं. त्यांच्या निष्ठेवर कोण शंका घेणार?

तुमच्याकडे काय चालतं? आणि तुम्हाला मनापासून काय वाटतं?

---

सिडको_लेखानगर | सोमवार, रात्री ९.३२

आमच्याकडे सात वाजता निघालं तरी 'आज हाफ डे का?' विचारतात. विचारणारा स्वतः अकराला येतो.

---

सातपूर_युनिट | सोमवार, रात्री १०.१५

ताई, तुमचं शीटचं निरीक्षण बरोबर आहे, त्यावर वाद नाही. पण मालकाची बाजूही मांडतो, कारण अशा चर्चेत मालक म्हणजे रक्त पिणाराच असतो.

माझं सातपूरला छोटं मशीन शॉप आहे. मोठ्या कंपनीचा मी वेंडर. त्यांचं शेड्यूल महिन्याच्या सुरुवातीला येतं आणि दहा तारखेला बदलतं. वीस तारखेला फोन येतो की उद्या सकाळी माल लाइनवर पाहिजे, नाहीतर लाइन थांबल्याची डेबिट नोट तुमच्या नावावर. त्या वेळी मी 'आमचे आठ तास संपले' म्हणू शकतो का? बँकेचा हप्ता आठ तास बघत नाही. मी स्वतः सकाळी आठला शटर उघडतो आणि रात्री शेवटच्या टेम्पोबरोबर निघतो. पोरांना जे सांगतो ते आधी स्वतः करतो.

आणि एक मनातलं. हल्ली नव्या मुलांना काम शिकण्याआधी सुट्टीचा तक्ता पाहिजे असतो. आम्ही मशीनचं सेटिंग शिकलो ते पाळी संपल्यावर मागे थांबून, उस्तादाच्या बाजूला उभं राहून. त्याचे पैसे कोणी दिले नाहीत, आम्ही मागितलेही नाहीत. त्याच जोरावर आज स्वतःचं मशीन आहे.

---

नाशिकरोड_काका | मंगळवार, सकाळी ७.०५

नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालो. आमची जिंदगी भोंग्यावर गेली. भोंगा झाला की आत, भोंगा झाला की बाहेर, आणि जादा थांबलं तर त्याची नोंद. त्यामुळे मला हा सगळा 'साहेब जाईपर्यंत बसा' प्रकार समजायला वेळ लागतो. माझा धाकटा खासगीत आहे, त्याच्याकडून ऐकतो तेव्हा वाईट वाटतं.

सातपूरवाल्या भाऊंना आदरपूर्वक सांगतो, आठ तास ही कोणी आळशी माणसाने काढलेली सवलत नव्हे. आपल्या इकडच्या लोकांनी ती झगडून मिळवली आहे. मुंबईच्या गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चालायचं आणि आठवड्याची सुट्टी नसायची. नारायण मेघाजी लोखंडे, महात्मा फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधू'चे संपादक, त्यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांना एकत्र केलं, सभा घेतल्या, हजारो सह्यांचे अर्ज केले. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज ज्या रविवारी आपण सोमेश्वरला धबधबा बघायला जातो तो रविवार असा आला आहे. २००५ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट निघालं, पण शाळेच्या पोरांना विचारा, नाव सांगता येणार नाही.

पुढचंही सांगतो. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांना दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये आठवड्याला ६० तास झाले, १९३४ मध्ये ५४, आणि १९४६ मध्ये डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना ४८. मग १९४८ चा फॅक्टरी अ‍ॅक्ट. एकेका तासासाठी वर्षं गेली. आता सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली ती बातमी वाचली, तेव्हा मला १९११ च आठवलं.

जादा काम आम्ही केलं नाही असं नाही. नोटबंदीच्या वेळी २०१६ मध्ये आमच्या इथे करन्सी नोट प्रेसमधल्या लोकांनी साप्ताहिक सुट्ट्या सोडून रात्रंदिवस नोटा छापल्या. देश रांगेत उभा होता, कारण डोळ्यांपुढे होतं, आणि ते कधीतरी संपणार हे माहीत होतं. त्याला मी कामाची निष्ठा म्हणेन. वर्षाचे बारा महिने 'अर्जंट' असेल तर ते नियोजन चुकलेलं आहे, आणि त्याची भरपाई कामगाराच्या झोपेतून होते आहे.

---

दिंडोरी_बागायतदार | मंगळवार, दुपारी १.४०

काकांनी चांगलं लिहिलं. आता आमचंही ऐका, कारण शेतकऱ्याला कोणी अप्रेझल देत नाही.

माझी द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी झाली की पुढचे चार-साडेचार महिने आमच्याकडे घड्याळ नसतं. पेस्टिंग, विरळणी, शेंडे खुडणं, डिपिंग (घड औषधात बुडवणं), सगळं ठरल्या दिवशीच व्हायला पाहिजे, दोन दिवस इकडेतिकडे झालं तर मण्याची साइज गेली. अवकाळी पाऊस पडून गेला की डावणी, हा बुरशीचा रोग, पाठीमागे उभी असते, मग रात्री अकराला ट्रॅक्टरला ब्लोअर लावून फवारणी करायची, सकाळपर्यंत थांबलं तर घड गळतात. डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहाच्या खाली गेला की पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या करायच्या आणि ठिबक सोडायचं, नाहीतर मण्यांना तडे. या दिवसांत मी सोळा-सोळा तास काम करतो आणि मला त्याचा त्रास वाटत नाही. झाडाला गरज आहे, मी करतोय. कोणाला दाखवायला नाही.

पण माल गेला, एप्रिल छाटणी झाली, काडी तयार झाली की आषाढात मी दुपारी दोन तास झोपतो. कोणी विचारत नाही आणि मलाही लाज वाटत नाही. वर्षाला चढ आहे तसा उतार आहे. कंपनीवाल्यांचं ऐकून असं वाटतं की त्यांनी आमची छाटणीची घाई तेवढी घेतली, आषाढ कोणाला दिला नाही.

अजून एक गोष्ट लिहितो, ती आम्ही शेतकरी सहसा लिहीत नाही. बागेत खरे तास पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्या टोळ्या भरतात. एकराने ठेका असतो, म्हणून ते उजाडायच्या आत बागेत असतात, डिपिंग तर उन्हाच्या आधीच उरकावं लागतं. बाया लहान पोरांना वेलीच्या सावलीत झोपवून हात वर करून विरळणी करतात. तासन्‌तास हात डोक्याच्या वर. संध्याकाळी खांदे चोळत बसलेल्या असतात. मग चूल. त्यांच्या कष्टांना 'वर्क एथिक' असा शब्द कोणी लावत नाही. ते गरिबीचे कष्ट आहेत. माझे सोळा तास आणि त्यांचे तेरा तास एका मापात घालू नका. माझा माल गेला तर नफा माझा आहे.

---

आर्टिकलशिप_चालू | मंगळवार, सायं. ६.२५

मला वेगळं मत मांडायचं आहे, मोठ्यांनी रागावू नये.

मी सीए करतेय, कॉलेज रोडजवळच्या एका फर्ममध्ये आर्टिकलशिप चालू आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात ऑडिटच्या रिटर्नांच्या तारखा जवळ आल्या की आम्ही रात्री अकरापर्यंत असतो. थकायला होतं, पण तेव्हाच मी सगळ्यात जास्त शिकले. सरांच्या शेजारी बसून त्यांनी एक बॅलन्सशीट कशी वाचली, कुठे बोट ठेवलं, हे साडेपाचला निघून गेले असते तर दिसलं नसतं. चोविसाव्या वर्षी अंगात ताकद आहे, जबाबदाऱ्या नाहीत. आत्ता मेहनत नाही करायची तर कधी? सातपूरवाले काका शिकण्याबद्दल म्हणाले ते मला पटलं.

२०२४ मध्ये पुण्यात एका मोठ्या फर्ममधली तरुण सीए मुलगी गेली, नोकरीला लागून काही महिनेच झाले होते, आणि तिच्या आईने कामाच्या ताणाबद्दल लिहिलेलं पत्र सगळीकडे फिरलं. ते वाचून आई मला रोज फोन करते. मला भीती वाटत नाही असं नाही. पण म्हणून सगळी मेहनतच वाईट, असं होऊ नये.

---

अंबड_क्वालिटी | मंगळवार, रात्री ९.५०

@आर्टिकलशिप_चालू, रागवायचं काहीच नाही, छान लिहिलंस. तू ज्याच्याबद्दल बोलतेस ते शिकणं आहे. सर शेजारी बसलेत, तुला दाखवतायत, आणि त्या रात्री तुझ्या पदरात काहीतरी पडतंय. मी ज्याच्याबद्दल बोलते त्यात आठ वाजता साहेबांच्या केबिनचा दिवा चालू आहे म्हणून माणसं एक्सेलची शीट वरखाली करत बसतात. याला आपल्याकडे पाट्या टाकणं म्हणतात. ज्या रात्री तुला शिकायला काही मिळत नाही आणि तरी थांबावं लागतं, त्या रात्री काय वाटतं ते बघ, आणि आईचा फोन उचलत जा.

ताकदीबद्दल मात्र सांगते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये एकत्र काढलेला अहवाल आहे. आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त, हृदयविकाराने मरण्याचा १७ टक्के जास्त. एकट्या २०१६ या वर्षात अशा लांबलेल्या तासांमुळे जगात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं गेली असा त्यांचा अंदाज. यातले बरेच मृत्यू साठीनंतरचे होते, आणि ती माणसं मधल्या वयात जादा तास राबलेली होती. म्हणजे चोविसाव्या वर्षी काही जाणवत नाही यात काही विशेष नाही. हिशोब नंतर येतो.

---

पंचवटी_पासधारक | मंगळवार, रात्री १०.४०

सकाळी सातच्या सुमारास नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेस, मुंबईत ऑफिस, संध्याकाळी सव्वासहाला परतीची गाडी. घरी पोचेपर्यंत दहा वाजतात. हजेरीत माझे तास साडेसात. त्यातही सव्वासहाची गाडी पकडायची म्हणून मी वेळेवर उठतो तर सहकारी म्हणतात, तुला बरं आहे. आत्ता घरात शिरलो आणि हे वाचलं, म्हणून लिहिलं. झोपतो.

---

रात्रपाळी_सिस्टर | बुधवार, सकाळी ९.२०

ड्युटी संपवून आलेय, तेवढ्यात लिहिते. मी खासगी हॉस्पिटलमध्ये आयसीयूला आहे. आमची पाळी बारा तासांची. ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या पाळीला देण्याघेण्यात अर्धा-पाऊण तास जातो तो वेगळा.

आमच्या कामात निष्ठा नाही असं म्हणायची कोणाची हिंमत नाही, करोनात सगळ्यांनी बघितलं. पण बाराव्या तासाला काय होतं ते सांगते. हाय अलर्ट औषधं दोघींनी तपासायची असा नियम आहे. पोटॅशियम, इन्शुलिन, हेपॅरिन. एकीने काढायचं, दुसरीने लेबल, डोस, पेशंटचं नाव मोठ्याने वाचायचं. पहाटे पाच-साडेपाचला दुसरीचे डोळे लेबलवर असतात आणि वाचलेलं डोक्यात जात नाही. तोंड वाचतं, डोकं झोपलेलं असतं. अशा वेळी मी दोनदा वाचायला लावते, कोणाला राग आला तरी चालेल. त्यात स्टाफ कमी असला की दुसरी नर्सच नसते, मग एकटीनेच दोघींच्या सह्या करायच्या का, हा प्रश्न येतो. मी करत नाही, डॉक्टरांना उठवते. त्यावरून बोलणी खाल्ली आहेत.

आमच्या मॅनेजमेंटचं म्हणणं, तुमच्याच मुलींना बारा तास पाहिजेत, कारण मग सुट्ट्या जास्त मिळतात. हे अर्धंच खरं आहे. पाळीवर माणसं पुरेशी असतील तर मिळतात. नसतील तर सुट्टीच्या दिवशी फोन येतो, 'सिस्टर, आज कोणी नाही, या ना.' आणि पेशंटचं तोंड आठवून आम्ही जातो. सेवाभाव आहे म्हणून भरती होत नाही, असं माझं स्पष्ट मत झालं आहे.

---

सिडको_लेखानगर | बुधवार, सकाळी ९.४५

सिस्टर, शेवटचं वाक्य आमच्या एचआरला वाचून दाखवणार आहे.

---

लॉगिन_पाथर्डीफाटा | बुधवार, दुपारी ३.३०

मी आयटीत. पुण्याची कंपनी, काम घरून, टीम अर्धी अमेरिकेत, अर्धी जपानमध्ये. सकाळी जपान, रात्री अमेरिका. मधल्या वेळात 'तू तर घरीच आहेस' म्हणून घरची कामं. माझा लॅपटॉप बंद कधी होतो हे मलाच माहीत नसतं.

जपानी लोकांबद्दल आपल्याकडे फार कौतुकाने बोलतात, किती कामसू म्हणून. त्यांच्याकडेच अतिकामाने मरण्याला करोशी हा शब्द आहे. २०१८ मध्ये त्यांनी कायदा बदलला आणि २०१९ पासून जादा कामाला महिन्याला ४५ तास, वर्षाला ३६० तास अशी सर्वसाधारण मर्यादा घातली. आता आमच्या जपानी मॅनेजरचा संध्याकाळी सातनंतर मेसेज येत नाही, आला तर तो माफी मागतो. आमचे भारतीय मॅनेजर रात्री पावणेबाराला 'क्विक कॉल?' लिहितात आणि निळी टिक दिसली की फोन करतात.

फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन न उचलण्याचा हक्क कायद्यात आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी याच हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं, पहिल्यांदा २०१८ च्या अखेरीस, पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये. खासगी विधेयकं मंजूर होणं फार दुर्मीळ, पण निदान संसदेत हा विषय निघाला. माझं म्हणणं साधं आहे. रात्री बाराला उत्तर देणं ही माझी निष्ठा धरत असाल तर सकाळी लिहिलेल्या कोडमधल्या चुकाही मग माझ्या निष्ठेतूनच आल्यात असं धरा.

---

गंगापूररोड_घर | बुधवार, रात्री ८.१५

सगळे वाचले. पुरुषांच्या बारा तासांच्या मागे घरात जी बाई उभी असते तिचा उल्लेख फक्त दिंडोरीच्या दादांनी केला, तोही मजूर बायांच्या निमित्ताने.

माझे मिस्टर रात्री नऊला येतात, आणि लोक म्हणतात, किती मेहनती. ते मेहनती आहेतच. पण ते नऊला येऊ शकतात कारण चारला मुलाला स्कूलबसवरून आणणारी, सासऱ्यांना फिजिओथेरपीला नेणारी, गॅस संपला, नळ गळला, पालकसभा आहे हे सगळं निस्तरणारी मी घरी आहे. मी एम.एस्सी. आहे. नोकरी सोडली ती याचसाठी, कारण दोघंही नऊपर्यंत थांबू शकत नाही. माझ्या जुन्या ऑफिसात सहाला निघणाऱ्या बायकांना बढतीत कायम मागे ठेवायचे, काम कितीही चोख असलं तरी. तेव्हा उशिरापर्यंत थांबणं हा निष्ठेचा निकष लावला की ती परीक्षा कोण पास होणार हे आधीच ठरलेलं असतं. ज्याच्या घरी दुसरं कोणी सगळं बघतंय तोच.

अंबडच्या ताई, तुमच्या त्या साडेपाचला निघणाऱ्या मुलाला घरी काही जबाबदारी आहे का हे कोणी विचारलं तरी का?

---

अंबड_क्वालिटी | बुधवार, रात्री ८.५०

वडिलांचं डायलिसिस आहे, आठवड्यातून तीनदा. त्याने स्वतःहून कोणाला सांगितलेलं नाही, मला त्याच्या मित्राकडून कळलं. आणि खरं सांगायचं तर ते कारण नसतं तरी माझं मत तेच राहिलं असतं. काम पूर्ण करून वेळेवर घरी जायला माणसाला घरात आजारपण असावं लागू नये.

---

व्हीएमसी_ऑपरेटर | गुरुवार, पहाटे ४.१०

नमस्कार. नाईटला आहे, मशीन ऑटोवर आहे तोवर लिहितो. चूकभूल माफ.

तुम्ही सगळे शिकलेले लोक बोलताय ते बरोबर आहे पण एक गोष्ट कोणीच बोललं नाही. मला बारा तास पाहिजेत. मी स्वतः सुपरवायझरला सांगतो ओटी द्या, म्हणजे ओव्हरटाइम. आठ तासांच्या पगारात चुंचाळ्याच्या खोलीचं भाडं, किराणा, गाडीचा हप्ता आणि गावाला पाठवायचे पैसे होत नाहीत. वीस तारखेला खिसा रिकामा. ओटी आहे म्हणून पोरगी इंग्लिश मीडियमला आहे. ज्या महिन्यात ओटी बंद होते त्या महिन्यात आमच्या घरात भांडण होतं.

निष्ठा वगैरे मला कळत नाही. काम मन लावून करतो, टूल तुटू देत नाही, सेटर नसला तर ऑफसेट मी टाकतो. पण बारा तास मी कंपनीवर प्रेम आहे म्हणून करत नाही. उद्या तुम्ही म्हणाल की बारा तास वाईट म्हणून बंद करा, आणि आठ तासांचा पगार तोच ठेवाल, तर मी दुसऱ्या गेटवर जाईन. तिथे बारा तास देतात.

---

सातपूर_युनिट | गुरुवार, सकाळी १०.३०

दादा, तुमच्या पोस्टमुळे लिहायची वेळ आली. माझ्याकडे नेमकं हेच घडलं.

बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या होत्या, त्या मी आठ-आठच्या तीन केल्या. कारण इथे अंबडच्या ताईंनी सांगितलं तेच, पहाटेचं रिजेक्शन आणि टूल तुटणं. तीन पाळ्या झाल्यावर दोन्ही कमी झालं, इन्सर्टचा, म्हणजे टूलच्या कापणाऱ्या टोकांचा, खर्च महिन्याच्या बिलात दिसण्याइतका उतरला. पण निम्मे ऑपरेटर दोन महिन्यांत शेजारच्या गाळ्यात गेले. तिथे बारा तास मिळत होते. चांगली, हात बसलेली पोरं गेली. नवीन पोरं घेऊन शिकवण्यात वाचलेलं सगळं गेलं.

आता मी आठ तासांचा पगार वाढवावा हे मला मान्य आहे, आणि इन्सर्ट-रिजेक्शनमधून वाचलं त्यातून थोडा वाढवलाही. पण बारा तासांत जे मिळत होतं तेवढा देता येत नाही. पार्टचा रेट ठरवताना मोठी कंपनी माझ्या मशीनचा तासाचा दर, माल, वीज सगळं मोजते आणि दर वर्षी प्राइस डाउन मागते. मजुरी वाढली म्हणून रेट वाढवा म्हटलं की दुसऱ्या वेंडरचं कोटेशन समोर ठेवतात. मोठ्या कंपनीच्या गेटच्या आत आठ तास, युनियन, बस, कँटीन. तिला पार्ट देणाऱ्या आमच्या गल्लीत बारा तास. ही दोन्ही एकाच गाडीची माणसं आहेत. हे जोवर बदलत नाही तोवर निष्ठेवर भाषणं ऐकायला मला तरी वेळ नाही.

---

नाशिकरोड_काका | गुरुवार, सकाळी ११.१५

सातपूरवाले भाऊ, हे तुम्ही सरळ लिहिलंत, मान आहे. आमच्या युनियनच्या दिवसांत आम्ही गेटच्या आतल्या माणसापुरतं बघितलं, गल्लीतल्या गाळ्यांपर्यंत कोणीच गेलं नाही. आजही जात नाही. ते व्हायला पाहिजे.

---

कामगार_सल्लागार_नाशिक | गुरुवार, सायं. ७.४०

ऑपरेटर दादांसाठी आणि सगळ्यांसाठी थोडं कायद्याचं, कारण 'बारा तास आता कायदेशीर झाले' असा समज फार पसरला आहे.

राज्य सरकारच्या सप्टेंबर २०२५ च्या निर्णयात कारखान्यातला दिवस बारा तासांपर्यंत नेता येईल असं आहे, पण आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच आहे. म्हणजे बारा तासांचे चार दिवस झाले की आठवडा भरला. त्यावरचं सगळं जादा काम. जादा कामाची तिमाही मर्यादा ११५ वरून १४४ तास केली आणि त्यालाही कामगाराची लेखी संमती लागते. आता हिशोब करा. रोज बारा तास, आठवड्याला सहा दिवस म्हणजे ७२. त्यातले २४ जादा. तिमाहीत तेरा आठवडे, म्हणजे ३१२ तास. जेवणाची सुट्टी वजा केली तरी मर्यादेच्या जवळजवळ दुप्पट. तेव्हा वर्षभर सहा दिवस बारा तास हे आधीही बेकायदा होतं आणि आताही आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. त्यातही दिवस आठ तासांचा, जादा कामाला दुप्पट दर आणि कामगाराची संमती. मात्र 'सुपरवायझर' नाव देऊन महिना १८ हजारांच्या वर पगार असलेला माणूस कामगाराच्या व्याख्येतून बाहेर जातो, म्हणून अनेक ठिकाणी साध्या ऑपरेटरला कागदावर सुपरवायझर करतात. नेमणूकपत्रावरचं पद बघून घ्या. पद काय लिहिलंय यापेक्षा काम काय करता हे महत्त्वाचं ठरतं, पण भांडायची वेळ आली की कागद आधी विचारतात.

अजून एक. जादा कामाच्या पैशांवर पीएफ कापला जात नाही. ग्रॅच्युइटीही त्यावर मिळत नाही. वीस वर्षं बारा तास काम केलेल्या माणसाची म्हातारपणाची पुंजी आठ तासांच्याच पगारावर ठरते. त्यामुळे ओटीवर घर चालवणारा माणूस आज थकतो आणि साठीनंतरही मोकळ्या हाताने घरी जातो. खरी मागणी आठ तासांच्या पगाराची असली पाहिजे असं मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

---

व्हीएमसी_ऑपरेटर | शुक्रवार, पहाटे ३.५०

साहेब, मला ओटी सिंगल रेटने मिळते. कॉन्ट्रॅक्टरचा माणूस लिफाफ्यात वेगळे देतो, स्लिपवर येत नाही. सही एका वहीत घेतो. मला आजवर वाटत होतं कॉन्ट्रॅक्टवाल्यांना असंच असतं. कंपनीला सांगितलं तर कंपनी म्हणेल तू आमचा नाहीस. मग कोणाकडे जायचं?

---

कामगार_सल्लागार_नाशिक | शुक्रवार, सकाळी ९.०५

कॉन्ट्रॅक्टवाल्यांनाही दुप्पटच. कॉन्ट्रॅक्टरने पैसे दिले नाहीत तर देण्याची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, 'तू आमचा नाहीस' हे उत्तर चालत नाही.

लगेच भांडायला जाऊ नका, आधी पुरावा गोळा करा. पंचिंगच्या वेळा रोज स्वतःच्या वहीत तारखेसह लिहा. लिफाफा मिळाला की रक्कम आणि तारीख त्याच वहीत. पगाराच्या स्लिपा जपून ठेवा. पीएफचं पासबुक मोबाइलवर उघडून बघा, भरणा करणाऱ्याचं नाव काय आहे ते लिहून घ्या, कॉन्ट्रॅक्टर बदलला असेल तर तिथे कळेल. तुमच्यासारखे आणखी तीन-चार जण तयार असतील तर एकत्र या, एकट्याला लगेच ब्रेक देतात, म्हणजे कामावरून कमी करतात. मग कामगार उपायुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज. अर्ज लिहायला मी मदत करेन, फी नाही. इथे कंपनीचं नाव टाकू नका, मला खासगी संदेश करा.

---

सातपूर_युनिट | शुक्रवार, सकाळी ९.३०

दादा, वहीत सही घेतो म्हणालात ना, त्या पानाचा मोबाइलवर फोटो मिळतो का बघा. आमच्या लाइनीत सगळा खेळ त्या वहीवर असतो.

---

व्हीएमसी_ऑपरेटर | शुक्रवार, सकाळी ९.४८

सात तारखेला लिफाफे मिळतात. तेव्हा बघतो. आमच्यातल्या दोघांशी आज चहाला बोललो, ते यायला तयार आहेत, एक जण घाबरतोय. सल्लागार साहेब, तुम्हाला मेसेज केलाय.